आईची पाठ शेवटची कोणी बघितली?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वाचक ताई ५३ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या. आई ७९ वर्षांची. गेल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही तुटक झालं. चार महिन्यांपूर्वी आईला पुण्याजवळच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. इमारत नवी आहे, पुढे बाग, खोलीत टीव्ही, सगळीकडे कॅमेरे. खर्च कॅलिफोर्नियातला भाऊ करतो. ताई दर रविवारी दुपारी चारला जातात, तेव्हा आई नीट आवरून बसवलेली असते. पण वजन ५४ किलोवरून ४९ वर आलंय. मागच्या रविवारी कूस बदलताना कमरेखाली काळपट डाग दिसला. सिस्टर म्हणाल्या, "वयोमानाने होतं." आई एक तर गप्प असते, नाहीतर "घरी, घरी" म्हणते. भावाचं म्हणणं, "मी रोज कॅमेऱ्यात बघतो, सगळं व्यवस्थित आहे. एवढे पैसे घेतात ते उगाच का?" तक्रार केली तर राग आईवर निघेल, ही ताईंना भीती. त्या विचारतात, आईला तिथून हलवू का, की हा माझ्याच मनाचा खेळ आहे?

ताई, हलवायचं की नाही ते शेवटी बघू. आधी तो डाग, कारण त्याला पुढच्या रविवारपर्यंत थांबता येणार नाही.

कमरेखाली मधोमध जे माकडहाड असतं, त्यावर मांस जवळजवळ नसतंच. तासन्‌तास उताणं पडून राहिलेल्या माणसाचा भार तिथे येतो, रक्तपुरवठा दबतो, आणि कातडी वरून फाटण्याआधी आतून मरायला लागते. पुस्तकात याची पहिली खूण म्हणून लाली सांगतात. आपल्या सावळ्या रंगावर ती लाली दिसत नाही, काळपट-जांभळट छटा दिसते, म्हणून ती 'डाग' म्हणून सुटून जाते. उद्याच जा. आईला डाव्या कुशीवर वळवून उजेडात बघा, त्या जागी बोट हलकं दाबून सोडा. दाबल्यावर रंग क्षणभर फिका होऊन परत आला तर तिथे रक्त फिरतंय. रंग बदलला नाही, किंवा ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक अथवा लिबलिबीत लागली, तर ती बेडसोरची सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर रंगापेक्षा हाताला काय लागतं यावर जास्त विश्वास ठेवा. वयाने कातडी नाजूक होते हे खरं, पण जखम होते ती एकाच जागी दाब राहिल्याने.

तेवढ्याच वेळात दोन्ही टाचा, घोट्याची बाहेरची बाजू, खुब्याची हाडं, उजवं कोपर आणि डोक्याची मागची बाजूही बघून घ्या. डागाशेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढा, म्हणजे पुढच्या आठवड्यात तो वाढला की कमी झाला यावर वाद राहणार नाही. फोटो इन्चार्जना पाठवून डॉक्टरांनी दुसऱ्या दिवसापर्यंत बघावं असं लिहा. कातडी फुटलेली असेल, काळी खपली, वास किंवा ताप असेल, तर डॉक्टर त्याच दिवशी हवा.

या टप्प्यावर नेमक्या चुकीच्या गोष्टी प्रेमाने केल्या जातात. त्या जागेवर तेल किंवा स्पिरिट चोळतात. खालच्या कमकुवत झालेल्या पेशी त्याने आणखी फाटतात. मध्ये भोक असलेली रबरी चकती खाली देतात. तिच्या कडेने रक्त आणखी दबतं. हवं ते असं: दर दोन तासांनी कूस बदलायची, पण पूर्ण आडवं करून खुब्याच्या हाडावर नाही, पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. एअर बेड असला तरी कूस बदलणं चुकत नाही. तो बेडही तपासा: पंप चालू आहे का, बटण आईच्या वजनाच्या आकड्यावर आहे का, आणि वर एकच पातळ चादर आहे का. रबरी शीट, घडी घातलेली चादर, वर पुन्हा दुलई असे थर टाकले की एअर बेडचा उपयोग संपला. लाइट गेल्यावर पंप इन्व्हर्टरवर चालतो का, तेही विचारा.

आता भावाच्या म्हणण्याकडे वळू. जास्त पैसे म्हणजे जास्त सेवा, हे गृहीत धरण्याआधी ते पैसे कशाला जातात ते बघावं लागतं. बाग आणि टाइल्स यांना पैसे लागतातच. कूस बदलायला मात्र माणसं लागतात. ऑफिसात विचारा: रात्री दहा ते सकाळी सहा या मजल्यावर ड्युटीला किती जण, आणि अंथरुणाला खिळलेले पेशंट किती? समजा उत्तर आलं, दोन मावश्या आणि अठरा पेशंट. एकाची कूस बदलायची, डायपर बघायचा, ओला असेल तर पुसून कोरडं करून बदलायचा, उशा लावायच्या, याला दोघींना मिळून दहाएक मिनिटं धरा. अठरा जणांची एक फेरी झाली तीन तासांची. म्हणजे मध्ये कोणी बेल वाजवली नाही, कोणाला उलटी झाली नाही, दोघींनी पाठ टेकली नाही, तरी दोन तासांचा नियम पाळणं अशक्यच आहे. मावश्या कामचुकार नाहीत, माणसं कमी आहेत, आणि ती नेमणं हे मालकाचं काम आहे. माझ्या मते पूर्ण अंथरुणावरच्या दहा पेशंटमागे रात्री दोघी, आणि दिवसा चार-पाच जणांमागे एक, यापेक्षा कमी हात असतील तर पाठ सांभाळली जाणार नाही. या मावश्यांपैकी किती जणी वर्षाहून जास्त टिकल्यात हेही विचारा. मावश्या पुरवणाऱ्या ब्यूरोकडून दर पंधरा दिवसांनी नवी मावशी येत असेल, तर तुमच्या आई कोणत्या बाजूने खातात हे तिला कधीच कळणार नाही.

दुसरं, निळा ड्रेस घातलेल्या प्रत्येकीला आपण 'सिस्टर' म्हणतो. नर्स म्हणजे जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली व्यक्ती. इन्सुलिन देणं, लघवीची नळी घालणं, नाकातून पोटात गेलेल्या नळीने भरवणं ही त्यांची कामं आहेत. अशी एक व्यक्ती रात्री आवारात असते का, हा प्रश्न स्पष्ट विचारा. वैद्यकीय उपचार आणि शुश्रूषा देणाऱ्या जागेला १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. महापालिकेच्या हद्दीत ती आरोग्य विभागाकडे होते. नुसतं शॉप ॲक्टचं लायसन्स किंवा ट्रस्टची नोंदणी म्हणजे उपचार करण्याची परवानगी नव्हे. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असेल, त्यावरची मुदत वाचा.

तुम्ही रविवारी दुपारी चारला जाता. सगळेच नातेवाईक तेव्हा येतात, म्हणून साडेतीनला केस विंचरले जातात. यात फसवणूक नाही, पाहुणे येणार म्हटल्यावर आपणही घर आवरतोच. पण त्या एका तासात बाकीचे १६७ तास दिसत नाहीत. पुढच्या दोन आठवड्यांत एकदा सकाळी सातला, एकदा जेवणाच्या वेळी आणि एकदा रात्री नऊला जा. 'भेटीची वेळ नाही' म्हणून एकदा अडवलं तर समजू शकतं. मुलीला कधीच अवेळी आत सोडत नसतील, तर तेही एक उत्तरच आहे.

सकाळी सातला चादर आणि डायपर बघा. रात्रभरात न बदललेला डायपर फुगून जड झालेला असतो, मांड्यांच्या सांध्यात लाल चट्टे उठतात. वासाचं म्हणाल, तर कोणाची नुकतीच संडास झाली असेल तेव्हा वास येणारच. पण सगळ्या पॅसेजमध्ये तासभर टिकून राहिलेला लघवीचा वास, किंवा तो झाकायला मारलेलं भरमसाट फिनेल, ही खूण चांगली नाही. डायपरची खरी नोंद मात्र बिलात असते. दिवसाला चार म्हटले तरी महिन्याला १२० लागतात, म्हणजे दहाची बारा पाकिटं. बिलात सहाच पाकिटं असतील, तर एकेक डायपर बारा तास अंगावर राहतोय. तीस पाकिटं लावली असतील, तर तोही प्रश्न विचारण्यासारखा.

जेवणाच्या वेळी एका कोपऱ्यात शांत बसून फक्त चमचा बघा. आई ताठ बसवलेली हवी, हनुवटी किंचित खाली. चांगल्या, म्हणजे डाव्या बाजूने लहान चमच्याने घास द्यायचा, आणि गिळल्याशिवाय पुढचा नाही. असं भरवायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एका मावशीकडे चौघींना भरवायचं काम असेल, तर दीड-दोन तास जातात. शेवटच्या ताटातला भात तोवर गार झालेला असतो किंवा घास कोंबले जातात. जेवण झाल्यावर टॉर्चने उजव्या गालाच्या आत बघा. लुळ्या बाजूला संवेदना नसते, त्यामुळे भाताचा गोळा तिथेच राहतो आणि आडवं झाल्यावर श्वासनलिकेत उतरतो. म्हणून जेवणानंतर अर्धा तास तरी बसवूनच ठेवायचं. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओला, घरघरता होतो का, अधूनमधून ताप येतो का? यातलं काही असेल तर गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून करून घ्या. अशा पेशंटला घट्ट खिमटापेक्षा पातळ पाणी जास्त धोक्याचं असतं, हे पुष्कळदा घरच्यांनाही माहीत नसतं.

वजनाचा हिशोब साधा आहे. ५४ मधले ५ गेले म्हणजे चार महिन्यांत ९ टक्क्यांहून जास्त. सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर कारण शोधायलाच हवं, असा वैद्यकातला ठोकताळा आहे, आणि आई चार महिन्यांतच जवळपास तिथे पोचल्यात. कारण भरवण्यातच असेल असं नाही. शुगर, थायरॉइड, जुना संसर्ग, उदासी, काहीही असू शकतं. पण आधी कवळी बघा. वजन उतरलं की हिरड्याही आटतात, कवळी सैल होऊन टोचते, माणूस खाणं सोडतं, वजन आणखी उतरतं. कधी कवळी डबीतच राहून गेलेली असते. वजनाच्या काट्यावर उभं राहता येत नसेल, तर शिवणकामाच्या टेपने डाव्या पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर महिन्याला एकदा मोजून लिहून ठेवा. ३१ सेंटिमीटरच्या खाली आला तर डॉक्टरांना सांगा. पायावर सूज असेल तर मात्र हे माप फसवं.

याच भेटीत आणखी दोन गोष्टी. पाण्याचा पेला आणि बेल कुठे ठेवलीय? पलंगाच्या उजव्या बाजूला असेल, तर ती आईसाठी नसल्यातच जमा. आणि आईची उजवी मूठ हलकेच उघडा. झटक्यानंतर बोटं आत वळतात, तळव्यात घाम साचतो, नखं रुततात. मुठीत ओला, आंबूस वास असेल, नखांचे वण असतील, तर कित्येक दिवसांत तो हात कोणी उघडून धुतलेला नाही. रोजचं स्पंजिंग होतं असं कागदावर लिहिलेलं असलं तरी मूठ खरं सांगते. व्यायाम घेणारे फिजिओथेरपिस्ट येत असतील, तर त्यांच्याकडून मुठीत धरायला मऊ गुंडाळी कशी ठेवायची ते मावशींना शिकवून घ्या. उजव्या बगलेत हात घालून आईला वर ओढत असतील तर तेवढं ताबडतोब थांबवा. लुळा खांदा त्याने निखळतो.

आता "घरी". हा शब्द ऐकून तुमचा जीव तुटत असेल. तरीही त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. उजवी बाजू गेलेल्या पेशंटचं बोलणं बऱ्याचदा सोबतच जातं, आणि उरलेले दोन-चार शब्दच सगळ्या गोष्टींसाठी वापरले जातात. 'घरी' म्हणजे घर असेल, लघवी लागली असेल, पाठ दुखत असेल. दहा चित्रांचा एक कागद करा: पाणी, संडास, दुखतंय, थंडी, कूस, टीव्ही बंद, आणि घरसुद्धा. डाव्या हाताने दाखवायला सांगा. चष्मा आणि कानाचं मशीन जागेवर आहे ना, तेही बघा.

गप्प राहण्याची मात्र चौकशी करा. झटक्यानंतर जवळपास तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर औषध आहे. दुसरी शक्यता म्हणजे गुंगी. सध्या चालू असलेल्या गोळ्यांची यादी लेखी मागा. त्यात क्वेटियापिन, क्लोनाझेपाम, लोराझेपाम अशी नावं असतील, तर कोणत्या डॉक्टरांनी, कधी आणि कशासाठी लिहिली ते विचारा. आपल्या मनाने बंद करू नका. 'रात्री ओरडतात' म्हणून सुरू झालेली गोळी नंतर कोणी थांबवतच नाही, असं होतं. दिवसा पेंगणारं माणूस खात नाही, हलत नाही, मग पाठ जाते. आणि एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध किंवा सुस्त झाल्या, तर त्याला वय म्हणू देऊ नका: लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, कमी झालेलं सोडियम ही नेहमीची कारणं, आणि ती तपासता येतात. चेहरा आणखी वाकडा झाला, डाव्या हातातली शक्ती गेली, तर तो दुसरा झटका असू शकतो. अशा वेळी फोन तुम्हाला आधी की १०८ ला आधी, हे आजच ठरवून फाइलवर लिहून ठेवा. उत्तर १०८ असायला हवं.

रजिस्टर बघायला मागा. दुपारी चारला गेलात आणि कूस बदलल्याच्या तक्त्यावर सहा आणि आठच्या रकान्यातही सही असेल, तर पुढचं काही विचारायची गरज नाही. औषधाच्या तक्त्यावर गोळी देणाऱ्या व्यक्तीची सही आणि वेळ हवी, रोज एकसारखी एका दमात मारलेली टिकमार्क नव्हे. क्वचित एखादा रकाना मोकळा, 'झोपल्या होत्या, घेतली नाही' अशी नोंद असलेला तक्ता मला जास्त विश्वासाचा वाटतो.

राग आईवर निघेल ही भीती खोटी नाही. म्हणूनच मावशींना खोलीत सर्वांसमोर बोलू नका. त्यांना नावाने हाक मारा, काय चांगलं केलं ते सांगा. पैसे द्यायचे तर दिवाळीला ऑफिसमार्फत सगळ्यांना सारखे द्या, एकीच्या हातात गुपचूप दिलेत तर उरलेल्या दोन शिफ्टमध्ये आई परकी होते. तक्रार इन्चार्जकडे, लेखी, एका वेळी एक आणि तारखेसह: "माकडहाडावर काळपट डाग आहे, फोटो जोडला आहे. दोन तासांनी कूस बदलण्याचा तक्ता पलंगाशी लावावा, मी गुरुवारी येऊन बघेन." यात कोणावर आरोप नाही, पण तुम्ही बघताय हे कळतं. जिच्या घरचं कोणी येत नाही, कोणी विचारत नाही, तिच्याकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता जास्त. मनगटावर बांधल्याचे वण, मारहाण किंवा उपाशी ठेवल्याचा संशय असेल तर मात्र पत्रव्यवहारात वेळ घालवू नका: ११२ ला फोन करा, आणि ज्येष्ठांसाठी एल्डरलाइनचा १४५६७ आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

तर हलवायचं का? दोन आठवडे द्या. डाग डॉक्टरांनी बघितला, तक्ता लागला, वजन थांबलं, विचारल्यावर उडवाउडवी न करता 'हो, आमच्याकडून राहिलं' असं उत्तर आलं, तर तिथेच राहू द्या. कपडे हरवणं, गार चहा, बदललेली साडी या गोष्टी सुधारता येतात. कपड्यांवर दोऱ्याने आद्याक्षरं घाला, निम्मा त्रास संपेल. जखम लपवली, नोंदी खोट्या निघाल्या, बांधून ठेवलं, विनाकारण गुंगीत ठेवलं, यातलं एकही निघालं तर पंधरा दिवसही थांबू नका.

पण नवी जागा आधी बघून. अनोळखी खोलीत पहिल्या दोन आठवड्यांत म्हातारी माणसं जास्त गोंधळतात, जास्त पडतात. शुक्रवारी संध्याकाळी हलवू नका, शनिवार-रविवार डॉक्टर भेटत नाहीत. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी न्या. सोबत गोळ्यांची वेळेसह यादी, डिस्चार्जचे कागद, कोणत्या बाजूने खातात, घट्ट की पातळ, रात्री कितीदा उठतात हे एका पानावर लिहून. दाखल होतानाच दोन्हीकडच्या लोकांसमोर अंगावरच्या प्रत्येक डागाचा फोटो काढा, म्हणजे जखम आधीची की नंतरची हा वाद उरत नाही. जुन्या ठिकाणी किती दिवसांची नोटीस आणि डिपॉझिट कधी परत, हे करारात वाचून घ्या. घरी आणायचा विचार असेल तर बारा-बारा तासांच्या दोघी लागतील, एकीने दांडी मारली की तुमची रजा. आणि एकटीला कूस नीट बदलता येत नाही, हे धरूनच ठरवा.

राहिला कॅमेरा. कॅमेऱ्यात चादरीखालचं काही दिसत नाही, पण कोण किती वेळा पलंगाशी आलं हे दिसतं. तुमचे भाऊ त्यांच्या सकाळी किंवा संध्याकाळी बघत असतील, तर तेव्हा इथे आवरून झालेलं असतं. आपली रात्री बारा ते सहा म्हणजे कॅलिफोर्नियात दुपारची वेळ. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना काम द्या: तीन दिवस त्या सहा तासांत आईची कूस किती वेळा बदलली, ते मोजून वेळांसह लिहून पाठव. दर रात्री तीन वेळा यायला हवं.